ग्रोइंग पॉवर

ग्रोइंग पॉवर ही अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात मुख्यालय असलेली, शहरी शेती, रोजगार आणि प्रशिक्षण या क्षेत्रांत काम करणारी ना-नफा संस्था होती. तिचे कार्य १९९३ साली माजी व्यावसायिक बास्केटबॉलपटू विल ॲलन यांनी घेतलेल्या दोन एकरांच्या जागेवर सुरू झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये संस्था विसर्जित झाली. संस्थेच्या इंग्रजी नावात श्लेष आहे. त्याचा अर्थ 'वाढणारे सामर्थ्य' असा होतो, तसाच 'पिकवण्याचे सामर्थ्य' असाही होतो. गरीब वस्तीतील मुलांना काम देणे, त्या कामातूनच शेती शिकवणे आणि पिकलेला भाजीपाला त्याच वस्तीत परवडणाऱ्या दरात विकणे, अशी तिच्या कामाची मूळ कल्पना होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील शहरी शेतीच्या चळवळीत या संस्थेइतका प्रभाव फार थोड्या संस्थांचा होता. तिच्या अखेरीची चर्चाही तितकीच झाली.

पार्श्वभूमी

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले मिलवॉकी हे विसाव्या शतकात यंत्रनिर्मिती, मोटारींचे सुटे भाग आणि बिअर यांसाठी प्रसिद्ध असलेले औद्योगिक शहर होते. दक्षिणेकडील राज्यांतून आलेली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे येथील कारखान्यांत स्थिरावली. १९७० च्या दशकानंतर कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. ॲलिस-चाल्मर्स या ट्रॅक्टर व अवजड यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने १९८७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नोकऱ्या गेल्या, तशी शहराच्या उत्तरेकडील वस्त्यांतील किराणा दुकानेही कमी होत गेली. वस्तीभेदाच्या बाबतीत मिलवॉकीची गणना आजही अमेरिकेतील सर्वाधिक विभागलेल्या शहरांत होते.

ज्या भागात ताजा भाजीपाला मिळणारे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नसते आणि तयार, तळलेले खाद्यपदार्थ मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, त्या भागाला इंग्रजीत 'अन्नाचे वाळवंट' अशा अर्थाची संज्ञा आहे. वायव्य मिलवॉकीतील सिल्व्हर स्प्रिंग ड्राइव्ह या रस्त्याचा परिसर अशांपैकीच होता. विस्कॉन्सिनमधील सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत असलेले वेस्टलॉन येथून जवळच आहे.

विल ॲलन

विल ॲलन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९४९ रोजी झाला. त्यांचे आईवडील दक्षिण कॅरोलायनात बटाईने शेती करीत असत. पुढे ते मेरीलँड राज्यात आले आणि तेथे थोड्या जमिनीत कुटुंबापुरते अन्न पिकवू लागले. शेतातील कष्टांना कंटाळून आयुष्यात पुन्हा शेती करायची नाही, असे तरुणपणी ठरवल्याचे ॲलन यांनी अनेकदा सांगितले आहे. मायामी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते. त्यानंतर ते अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनमध्ये अल्पकाळ आणि पुढे बेल्जियममध्ये व्यावसायिक म्हणून खेळले. बेल्जियममधील एका सहखेळाडूच्या घरच्या शेतात बटाटे लावायला ते गेले आणि सोडलेली आवड परत आली.

खेळातून निवृत्त झाल्यावर ते पत्नीच्या माहेरगावी, मिलवॉकीच्या दक्षिणेस असलेल्या ओक क्रीक येथे राहू लागले. केंटकी फ्राइड चिकन आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपन्यांत नोकरी करीत असतानाच सासरच्या जमिनीत ते भाजीपाला पिकवत आणि शहरातील बाजारात विकत. ग्रोइंग पॉवरच्या पुढील वाटचालीत हा अनुभव निर्णायक ठरला. शेतकरी, विक्रेता आणि कंपनीतील विपणनाची भाषा जाणणारा माणूस या तिन्ही भूमिका ॲलन यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या.

स्थापना

१९९३ मध्ये ॲलन यांनी सिल्व्हर स्प्रिंग ड्राइव्हवरील जुनी हरितगृहे असलेली जागा घेतली. मिलवॉकी शहराच्या हद्दीत उरलेली ही शेवटची शेती व हरितगृहे मानली जात. सुरुवातीला येथे भाजीचे दुकान चालवून कुटुंबाचा चरितार्थ करण्याचा त्यांचा मानस होता. परंतु जागा वस्तीच्या मध्यावर होती आणि दुकानात हातभार लावायला परिसरातील मुलेच येत. या मुलांना काम हवे होते आणि ॲलन यांना मोडकळीस आलेली हरितगृहे दुरुस्त करायची होती. दोन्ही गरजा एकमेकींना पूरक ठरल्या. १९९५ पासून वस्तीतील मुलांच्या एका बागकाम उपक्रमाला मदत करताना ॲलन यांनी शेतीची व शिकवण्याची आपली पद्धत विकसित केली. हाच संस्थेच्या कार्याचा खरा आरंभ समजला जातो. नंतर समविचारी कार्यकर्त्यांच्या साहाय्याने ग्रोइंग पॉवर या नावाने ना-नफा संस्था उभी राहिली.

अमेरिकेत अशा संस्थेला प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(३) अन्वये धर्मादाय दर्जा मिळाला की देणगीदारांना करसवलत मिळते आणि खासगी प्रतिष्ठानांच्या व सरकारी अनुदानांचा मार्ग खुला होतो. त्याबरोबर संचालक मंडळ, वार्षिक विवरणपत्रे आणि सार्वजनिक उत्तरदायित्वही येते. दुकानाचा मालक आपला तोटा आपल्या खिशातून भरतो. संस्थेचा तोटा मात्र मंडळासमोर ठेवावा लागतो आणि विवरणपत्रात कोणालाही वाचता येतो. हा फरक ग्रोइंग पॉवरच्या शेवटच्या वर्षांत ठळकपणे दिसून आला. १९९६ च्या कृषी कायद्याने अल्प उत्पन्न गटांतील सामुदायिक अन्नप्रकल्पांसाठी केंद्रीय अनुदानाची तरतूद केली, हेही त्या काळात अशा संस्थांची संख्या वाढण्याचे एक कारण होते.

माती

शहरातील मोकळ्या भूखंडांवर शेती करण्यात पहिली अडचण मातीची असते. जुन्या घरांचा शिशाचा रंग, मोटारींच्या इंधनातील शिसे आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा यांमुळे ती माती अन्न पिकवण्यास बहुधा योग्य नसते. ग्रोइंग पॉवरने मूळ माती सुधारत बसण्याऐवजी नवी मातीच तयार करण्याचा मार्ग स्वीकारला. डांबरावर किंवा काँक्रीटवरही लाकडाच्या भुशाचा व ढलप्यांचा थर द्यायचा, त्यावर कंपोस्टचा जाड थर पसरायचा आणि त्यात पेरणी करायची, अशी ही साधी रीत होती.

या पद्धतीला कंपोस्ट प्रचंड प्रमाणात लागते. ते मिळवण्यासाठी शहराच्या कचऱ्याकडे कच्चा माल म्हणून पाहिले गेले. घाऊक बाजारातील नासलेली फळे व भाज्या, बिअर कारखान्यांतील उकळून उरलेले धान्य, कॉफीच्या दुकानांतील चोथा आणि झाडांची छाटणी असे दरवर्षी लक्षावधी पौंड साहित्य संस्थेच्या आवारात येई. कुजण्याच्या क्रियेतून निर्माण होणारी उष्णताही वाया जाऊ दिली जात नसे. हरितगृहांच्या आत कोपऱ्यांत आणि बाहेरून भिंतींना लागून कंपोस्टचे ढीग रचले जात. त्यामुळे बाहेर हिमवर्षाव होत असतानाही आत पालेभाजी वाढत राही. विस्कॉन्सिनचा हिवाळा अनेक महिने चालतो आणि या काळात तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली असते, हे लक्षात घेता इंधनाचा खर्च वाचवणारी ही युक्ती संस्थेच्या अर्थव्यवहाराचा कणा होती.

तयार कंपोस्टचा काही भाग गांडुळांना दिला जाई. येथे वापरली जाणारी तांबडी गांडुळे, शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा, महाराष्ट्रातील गांडूळखत प्रकल्पांतही मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी जात आहे. गांडूळखत पिकांना वापरले जाई आणि पिशव्यांत भरून विकलेही जाई. भेट देणाऱ्यांना ॲलन प्रथम गांडुळांचे वाफे दाखवत. मुलांनी ओंजळीत गांडुळे घेणे हा शिक्षणाचा पहिला धडा मानला जाई.

मासे आणि पाणी

हायफर इंटरनॅशनल या संस्थेच्या सहकार्याने ग्रोइंग पॉवरने मत्स्यपालन व भाजीपाला एकत्र घेण्याची पद्धत अवलंबली. हरितगृहाच्या जमिनीत खोल चर खणून, त्याला अस्तर लावून सुमारे १० हजार गॅलनांच्या टाक्या तयार करण्यात आल्या. त्यांत तिलापिया आणि सरोवरातील पर्च हे मासे वाढवले जात. माशांच्या विष्ठेमुळे पोषकद्रव्ययुक्त झालेले पाणी पंपाने वरच्या वाफ्यांत सोडले जाई. तेथील जिवाणू अमोनियाचे रूपांतर वनस्पतींना घेता येईल अशा नायट्रेटमध्ये करत. वॉटरक्रेस ही पाण्यात वाढणारी पालेभाजी ते नायट्रेट शोषून घेई आणि स्वच्छ झालेले पाणी गुरुत्वाकर्षणाने पुन्हा टाकीत येई.

यांतील वैज्ञानिक तत्त्व नवे नव्हते. ॲलन यांचे वैशिष्ट्य असे की, ही यंत्रणा त्यांनी लाकूड, प्लॅस्टिकचे नळ आणि एक पंप एवढ्यावर बसवली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती सुतारकामाच्या हत्यारांनी उभारता यावी असा तिचा आराखडा होता. टाकीवर वाफे, वाफ्यांवर टांगलेल्या कुंड्या, मधल्या मांडण्यांवर कोवळ्या रोपांचे ट्रे अशा रीतीने जागेचा इंच न इंच वापरलेला असे. २००९ साली न्यू यॉर्क टाइम्स मॅगझिनमधील ॲलन यांच्यावरील लेखात या दाटीचे वर्णन करताना मुंबईची उपमा वापरली गेली. आवारात कोंबड्या, बदके, शेळ्या आणि मधमाश्यांच्या पेट्याही होत्या.

काम आणि शिक्षण

संस्थेचे प्रशिक्षण वर्गात होत नसे. युवक गटातील शालेय वयाची मुले शाळा सुटल्यावर आणि उन्हाळी सुटीत येथे काम करत. त्यांना कामाचा मोबदला मिळे. पेरणी, काढणी, कंपोस्ट उलटणे, मासे मोजणे यांबरोबर बाजारात मांडणी करणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, हिशेब ठेवणे आणि पाहुण्यांना आवार दाखवणे ही कामेही त्यांच्याकडे असत. बऱ्याच मुलांची ही पहिलीच कमाई होती. वेळेवर येणे, काम अर्धवट न सोडणे आणि चूक झाल्यास ती लपवून न ठेवणे या गोष्टी रोपांच्या व माशांच्या सान्निध्यात आपोआप शिकल्या जातात, असे संस्थेचे म्हणणे होते. पंप बंद पडल्याचे वेळेत सांगितले नाही तर मासे मरतात, हे शिकवायला वेगळा पाठ लागत नाही.

प्रौढांसाठी शनिवार-रविवारच्या कार्यशाळा होत. देशभरातून आलेले शिक्षक, निवृत्त कामगार, चर्चचे कार्यकर्ते, लहान शेतकरी आणि वास्तुरचनाकार त्यांत भाग घेत. कार्यशाळेत प्रत्यक्ष प्लॅस्टिकचे कमानीदार हरितगृह उभारले जाई, गांडुळांची पेटी बनवली जाई आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्प आराखडा व अनुदानाचा अर्ज कसा लिहावा यावर चर्चा होई. अनेक राज्यांत संस्थेची विभागीय प्रशिक्षण केंद्रे सुरू झाली. तुरुंगातून सुटलेल्या किंवा दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या व्यक्तींनाही संस्थेने कामावर घेतले. अशा व्यक्तींना नोकरी मिळणे मिलवॉकीत अतिशय कठीण होते. अन्नव्यवस्थेतील वंशभेदाच्या प्रश्नावर काम करणारे ग्रोइंग फूड अँड जस्टिस फॉर ऑल इनिशिएटिव्ह हे जाळेही संस्थेच्या पुढाकाराने उभे राहिले.

विक्री आणि अर्थकारण

दोन एकरांत शहराची भूक भागत नाही. त्यामुळे संस्थेने रेनबो फार्मिंग को-ऑपरेटिव्ह या गटाद्वारे विस्कॉन्सिन व आसपासच्या राज्यांतील, तसेच दक्षिणेकडील लहान शेतकऱ्यांचा माल एकत्र केला. हा माल आणि स्वतःचे उत्पादन मिळून आठवड्याची भाजीची टोपली तयार होई. ती वस्त्यांतील ठरावीक ठिकाणी बाजारभावापेक्षा स्वस्त दिली जाई आणि सरकारी अन्नसाहाय्याची कुपनेही स्वीकारली जात. मिलवॉकीच्या पश्चिमेस मर्टन येथे संस्थेने मोठी शेतीही केली.

उत्पन्नाच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची पिके म्हणजे सूर्यफूल, वाटाणा इत्यादींची कोवळी रोपे व निवडक पालेभाज्या. उपाहारगृहांचे आचारी त्यांना चांगला दर देत. या मिळकतीतून गरिबांच्या टोपलीचा भार काही अंशी उचलला जाई. तरी संस्थेच्या एकूण खर्चाचा मोठा भाग अनुदाने व देणग्यांतून आणि श्रमाचा मोठा भाग स्वयंसेवकांकडून येत असे. याचे कारण उघड आहे. शिकाऊ कामगाराचा हात हळू चालतो, त्याच्यामागे एक अनुभवी माणूस गुंतून पडतो आणि तयार झालेला कामगार दुसरीकडे नोकरी लागताच निघून जातो. संस्थेच्या दृष्टीने ते यश असते, पण शेताच्या हिशेबात ती तूट असते. केवळ भाजी विकून ही तूट भरून निघाल्याचे उदाहरण ग्रोइंग पॉवरने घालून दिले नाही, आणि तिच्या यशाचे वर्णन करणाऱ्या लेखांत या मुद्द्याकडे बहुधा दुर्लक्ष झाले.

शिकागो शाखा

विल ॲलन यांची कन्या एरिका ॲलन यांनी २००२ पासून शिकागोत संस्थेचे काम उभे केले. शहराच्या मध्यवर्ती ग्रँट पार्कमध्ये फुलझाडांसारख्या नक्षीत लावलेली भाजीची बाग, जॅक्सन पार्क आणि कॅब्रिनी-ग्रीन येथील सामुदायिक बागा आणि ब्रिजपोर्ट भागातील सात एकरांचे आयर्न स्ट्रीट फार्म हे तेथील प्रमुख प्रकल्प होते. आयर्न स्ट्रीटची जागा पूर्वी औद्योगिक वापरात होती. शिकागो शाखेत युवक रोजगाराच्या कामाला मिलवॉकीपेक्षाही अधिक स्पष्ट रचना होती.

प्रसिद्धी आणि सन्मान

२००८ मध्ये ॲलन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तिची रक्कम ५ लाख डॉलर होती. फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा यांनी बालकांमधील लठ्ठपणाविरुद्ध 'लेट्स मूव्ह' ही मोहीम सुरू केली, त्या वेळी ॲलन व्हाइट हाउसमध्ये उपस्थित होते. त्याच वर्षी टाइम साप्ताहिकाने जगातील सर्वाधिक प्रभावशाली १०० व्यक्तींत त्यांचा समावेश केला. 'द गुड फूड रेव्होल्यूशन' हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. सिल्व्हर स्प्रिंगच्या जागेवर पाच मजली उभ्या शेतीची इमारत बांधण्याची योजनाही संस्थेने आखली होती. तिच्या आराखड्याला मोठी प्रसिद्धी मिळाली, मात्र ती इमारत उभी राहिली नाही.

टीका

२०११ मध्ये वॉलमार्ट कंपनीच्या प्रतिष्ठानाकडून सुमारे १० लाख डॉलरांची देणगी स्वीकारल्यामुळे संस्थेवर टीका झाली. लहान दुकाने व स्थानिक शेतकरी यांना ज्या प्रकारच्या व्यापारामुळे झळ पोहोचते त्याच व्यापारातून आलेला पैसा अन्नन्यायाच्या कामाला कसा चालतो, असा टीकाकारांचा सवाल होता. अन्नव्यवस्था बदलायची तर मोठ्या कंपन्यांनाही चर्चेत सामावून घ्यावे लागेल, अशी ॲलन यांची भूमिका होती. दुसरा आक्षेप संस्थेच्या रचनेबाबत होता. निधी, प्रसिद्धी, तांत्रिक ज्ञान आणि निर्णय हे सर्व एकाच व्यक्तीभोवती केंद्रित झाले होते. ॲलन व्याख्याने व प्रशिक्षणांसाठी सतत प्रवासात असत, तर कामाचा व्याप मात्र वाढतच होता.

विसर्जन

२०१० नंतरच्या काही वर्षांत कर्मचारी, शेते आणि उपक्रम वेगाने वाढले. अनुदाने सामान्यतः ठरावीक मुदतीची आणि ठरावीक प्रकल्पासाठी असतात. प्रकल्प संपल्यावर पगार व देखभाल यांचा भार संस्थेवरच राहतो. तोटा वाढत गेला आणि येणेकऱ्यांनी न्यायालयात दावे दाखल केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲलन निवृत्त झाले आणि संचालक मंडळाने संस्था विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी देणी ५ लाख डॉलरांहून अधिक असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. मिलवॉकीत अशा तऱ्हेने बंद पडलेला हा एकमेव प्रकल्प नव्हता. ग्रोइंग पॉवरच्या मत्स्यपालन पद्धतीपासून प्रेरणा घेऊन एका जुन्या कारखान्यात व्यापारी तत्त्वावर सुरू झालेली स्वीट वॉटर ऑर्गॅनिक्स ही कंपनी २०१३ मध्येच बंद झाली होती.

नंतरचे कार्य

विसर्जनानंतर ॲलन यांनी सिल्व्हर स्प्रिंग ड्राइव्हवरील जागेत खासगी शेती सुरू ठेवली आणि ना-नफा संस्थेच्या आधीचे 'रोडसाइड फार्म' हे नाव पुन्हा वापरात आणले. कार्यशाळांत शिकून गेलेल्यांनी आपापल्या शहरांत उभारलेली हरितगृहे व गांडूळखत प्रकल्प स्वतंत्र असल्यामुळे मूळ संस्थेच्या अंताबरोबर ते संपले नाहीत.

शिकागोत एरिका ॲलन आणि लॉरेल सिम्स यांनी २०१७ मध्येच अर्बन ग्रोअर्स कलेक्टिव्ह ही नवी संस्था स्थापन केली. ग्रोइंग पॉवरच्या शिकागो शाखेची शेते व युवक प्रशिक्षण या संस्थेने पुढे चालवले. शहराच्या दक्षिण भागात सुमारे ११ एकरांवर तिची आठ शेते आहेत. नवीन संस्थेत नेतृत्व दोघींमध्ये वाटले गेले. 'फ्रेश मूव्ह्ज' हा फिरता भाजीबाजारही ती चालवते. शहर परिवहन सेवेतून निवृत्त झालेल्या बसमध्ये आसने काढून भाजीच्या मांडण्या बसवलेल्या असतात आणि ही बस शाळा, दवाखाने व वस्त्यांजवळ ठरलेल्या दिवशी थांबते.